मोहाखाली गप्प राहा म्हणाले

"ताई, तुम्ही बाहेर ड्रायव्हर लोकांसोबत चहा घेता का?"

रिसॉर्टचा मॅनेजर हे इतक्या गोड आवाजात बोलला, की क्षणभर मला वाटलं माझीच सोय बघून राहिला. हॉलमध्ये लांब टेबल. टेबलाभोवती वेताच्या खुर्च्या. त्यातल्या दोन चक्क रिकाम्या. एका खुर्चीच्या पाठीवर माझा हात होता, मी बसणारच होते. तो हात मी काढून घेतला.

मिहीरनं नुकतीच सगळ्यांची ओळख करून दिली होती. "हा माझा कॅमेरामन. आणि ही आपली लोकल मुलगी. गाववाल्यांना सांभाळते." रिसॉर्टच्या मालकानं कॅमेरामनशी हात मिळवला. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

लोकल मुलगी. हा मिहीर आणि मी चंद्रपूरच्या एकाच कॉलेजात, एकाच वर्गात होतो. जनसंवादाची एकच पदवी, तेच मास्तर, तेच पेपर. निकालात माझं नाव त्याच्या वर होतं. हे त्याला माहीत होतं. त्यानं फक्त एवढं म्हणायचं होतं, "अरे, ही माझी क्लासमेट आहे, बसू दे." एवढंच. तो फोनमध्ये डोकं घालून बसला.

मी बाहेर गेले. आत कपबशी होती, बाहेर कागदी पेला. जिप्सीचे ड्रायव्हर भले माणसं होते, त्यांनी सरकून मला ओट्यावर जागा दिली. एकानं विचारलं, "कोन्त्या गावची वं बाई तू?" मी गाव सांगितलं. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून. "मोहल्ला कोन्ता?" तेही सांगितलं. बुद्धविहाराजवळचा. त्यानं घाईनं चहा संपवला आणि उठून दुसरीकडे जाऊन बसला. राग येत होता. पण कोणावर काढू? मी पेला चुरगळला आणि आत बोलावण्याची वाट बघत बसले.

हे काम मी घेतलं काऊन, ते सांगते.

माझा बाप सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावर रोजंदारीनं जातो. चिखलात वाकून रोवणा करतो, भाताची रोपं लावतो. माय शेतात मजुरी करते आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मिहीरनं विचारलं होतं, "तुझी सीट कशातून?" मी म्हटलं, "मार्कातून." तो हसला. त्याचा बाप कोळसा खाणीत मोठा साहेब, काका पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात. त्याला घाई नव्हती. मला होती.

विभागाच्या भिंतीवर पोस्टर होतं. हसणारी पोरगी, हातात माईक, खाली 'माध्यमात करिअरच्या अमर्याद संधी'. तिन्ही ऋतू आम्ही त्या पोस्टरखालून आतबाहेर केलं. आता आमच्या वर्गाचं काय झालं ते ऐका. एक जण मूल गावाकडच्या रस्त्यावर मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवतो. एक जण एका पुढाऱ्याचं व्हॉट्सॲप सांभाळतो, सकाळी सुप्रभात आणि दुपारी भावपूर्ण श्रद्धांजली. एक जण लग्नात ड्रोन उडवतो, त्याचं त्यातल्या त्यात बरं चाललंय. दोन पोरींची लग्नं झाली, त्यांना सासरी कोणी विचारतही नाही की तुम्ही शिकल्या काय होत्या.

आणि एक जण एटापल्लीकडे कुठल्या खाणीच्या ठेकेदाराकडे जनसंपर्काला आहे. चांगला पोरगा. कविता म्हणायचा. त्याचं काम काय, तर गावात सभा असली की आदल्या दिवशी जायचं, गोंडीतून गप्पा मारायच्या, आणि कोण कोण विरोधात बोलणार ते साहेबाच्या कानावर घालायचं. मला फोनवर म्हणाला, "माझ्या मामाच्या गावात आता मले कोणी पाणी विचारत नाही." मी म्हटलं, "सोडून दे ना बापा." तो म्हणाला, "सोडून काय करू, तू सांग."

माझं म्हणाल तर मी आधी चंद्रपूरच्या एका दैनिकात लागले. तिथे वार्ताहर म्हणजे वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणारा माणूस. मी एका वस्तीच्या बंद पडलेल्या हातपंपाची बातमी आणली, तर मालक म्हणाला, "तिथल्या सरपंचाचा वाढदिवस जवळ आलाय, थोडं थांबा." ती बातमी अजून थांबलीच आहे. मग एका केबल चॅनलमध्ये वाचनाची चाचणी दिली. वाचता वाचता तोंडातून एकदा 'मले' निघालं. काचेमागचे सगळे फिस्सकन हसले. मालक म्हणाला, "भाषा घरी ठेवून या, मग बघू." मी बसस्टँडपर्यंत पायी आले. रडले नाही, कारण बसमध्ये ओळखीचं कोणी भेटलं असतं.

मग मिहीरचा फोन आला. तो आता 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' झाला होता. काकाच्या ओळखीनं एका रिसॉर्टची फिल्म मिळाली होती. विषय, वाघ आणि माणसाचं सहजीवन. म्हणाला, "तुझंच गाव जवळ आहे. तू असशील तर लोक ऐकतील. नाव देऊ तुझं, सहदिग्दर्शक म्हणून." सहदिग्दर्शक. मी घरी मायला सांगितलं. मायनं अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं. बाप कधी बोलत नाही, पण त्यानं त्या दिवशी दाढी करून घेतली.

आता जंगलाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मोहाचं फूल पहाटेपासून गळतं. उजाडता उजाडता बाया टोपल्या घेऊन जातात. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं, आजीच्या काळापासून. झाडाखालचा पाला आधीच जाळून साफ केलेला असतो, फुलं दिसावी म्हणून. मग वाकायचं आणि वेचायचं. वाकलेलं माणूस लहान दिसतं. पाठीमागून तर माणूस वाटतच नाही, चार पायाचं काहीतरी वाटतं. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. मोहाखाली कोणी एकटं राहत नाही आणि कोणी गप्प राहत नाही. एका झाडाखालची बाई दुसरीला आवाज देते, दुसरी "होऽऽ" म्हणते, मग ती तिसरीला देते. आवाज फिरत राहतो. मधे मधे सुनेच्या चुगल्या, नवऱ्याला शिव्या, कुठलं गाणं, काहीही. पण तोंड बंद नाही. जनावर दुरून ऐकतं आणि वाट बदलतं. जिचा "हो" आला नाही तिच्याकडे सगळ्या जणी धावतात. हे कोणी शिकवत नाही. मी चालायला लागले तेव्हापासून मायच्या टोपलीजवळ बसून हे ऐकत आले.

त्या वर्षी त्याची जास्तच गरज होती. शेजारच्या गावचा एक म्हातारा सरपणाला गेला आणि सापडला तो अर्धाच. वनखात्यानं झाडावर धोक्याच्या पाट्या लावल्या. बाया तरी जातच होत्या. फूल काही वाघासाठी थांबत नाही, गळून वाळून जातं. पण त्या वर्षी आवाज देणं वाढलं होतं. गावातून सुद्धा ऐकू यायचं.

शूटिंगच्या आधी मी हे सगळं मिहीरला सांगितलं. नीट, बसून. त्यानं ऐकून घेतलं, "इंटरेस्टिंग" म्हणाला. मला वाटलं कळलं.

सकाळी आम्ही जिप्सीनं मोहापर्यंत गेलो. पोचल्यावर मिहीर, कॅमेरामन आणि ड्रायव्हर जिप्सीतच थांबले. मी खाली, चाकाजवळ. माय होती, शेजारची शेवंताकाकू होती, मोहल्ल्यातल्या आणि वरच्या आळीतल्या आणखी बाया होत्या. नट्टापट्टा करून आल्या होत्या बिचाऱ्या. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, निळं. मी म्हटलं, "मोहाले जातानी कोनी असं लुगडं नेसते का वं?" ती म्हणाली, "पिक्चर हाय नं."

आधी मिहीरनं बायांना लांब लांब उभं केलं. एका झाडाखाली एकच. फ्रेम मोकळी पाहिजे म्हणे. मग कानाला हेडफोन लावले आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"यांना सांग, आवाज नको. मला फूल पडल्याचा साउंड पाहिजे. पक्षी पाहिजेत. ही बोंबाबोंब नको."

मी म्हटलं, "मिहीर, मी तुला सांगितलं होतं. मोहाखाली गप्प राहत नाहीत. आणि इतकं लांब तर अजिबात नाही."

"अगं थोडा वेळ. गाडी आहे ना आपली इथे."

"गाडीत तू आहेस. त्या खाली आहेत."

तो कॅमेरामनकडे बघून हसला. मग जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे बघ, तुझी माणसं सांभाळायची म्हणून तुला घेतलंय. तेवढंही जमत नसेल तर आत्ताच सांग. सिंदेवाहीत दुसरी मिळेल."

बायांनी ऐकलं. मायनं ऐकलं. माझा चेहरा असा तापला होता, की वर बघवेना. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी मायच बोलली. पदर खोचत, बाकीच्या बायांकडे वळून.

"गप राहा नं वं बायाहो जराशा. पोरीची नोकरी हाय."

आणि त्या गप्प झाल्या. माझ्यासाठी. एकेक करून वाकल्या आणि वेचायला लागल्या.

तुम्ही कधी ती शांतता ऐकली नसेल. मीही नव्हती ऐकली. मोहाखाली उभं राहून पहिल्यांदाच मला फूल पडताना ऐकू आलं. टप. मग जरा थांबून, टप. वास गोड, सगळीकडे भरलेला. माय माझ्यापासून बरीच दूर, पाठमोरी, वाकलेली. निळं लुगडं आणि पाठ, एवढंच दिसत होतं. मागे वाळलेलं गवत, कमरेएवढं.

मग नाल्याकडून वानर खेकसलं. एकदा. पुन्हा. जनावर जवळ आलंय, हा त्या आवाजाचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. बायांच्या पाठी ताठ झाल्या, पण कोणी तोंड उघडलं नाही. शेवंताकाकूनं माझ्याकडे बघितलं. मी मिहीरकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "मिहीर, वानर ओरडलं. थांबव." त्यानं ओठावर बोट ठेवलं. डोळे त्याच्या छोट्या पडद्यावर. मला वाटलं, याला कळलंच नाही. शहरातला आहे, याला काय कळणार. मी पुन्हा म्हटलं, "थांबव." त्यानं माझ्याकडे न बघता हातानंच मला मागे सारलं.

पक्षी बंद झाले होते. फुलं पडत होती. माय हळूहळू गवताकडे सरकत होती, कारण तिकडे फुलं जास्त पडली होती.

तेव्हा माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. नोकरी, सहदिग्दर्शक, बापाची दाढी, सगळं डोक्यात होतं आणि त्याच वेळी काहीच नव्हतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"मायऽऽ!"

ती "होऽऽ" म्हणाली. विचार न करता, जन्मभराची सवय. म्हणता म्हणता ताठ उभी राहिली आणि वळली. शेवंताकाकू ओरडली. मग सगळ्याच. मी एकेकीचं नाव घेऊन किंचाळत मायकडे धावत सुटले. गवत हललं. पिवळं काळं काहीतरी उठलं, केवढं मोठं, अरे देवा, केवढं मोठं, आणि आडवं जाऊन नाल्यात उतरलं. घाई नव्हती त्याला. वळून एकदा बघितलंसुद्धा.

माय जागेवरच खाली बसली होती. ठेवणीतलं लुगडं ओलं झालं होतं. मी तिला धरलं तर तिचे दात वाजत होते. बाया भोवती जमल्या, कोणी रडत होती, कोणी मला शिव्या देत होती आणि त्या शिव्या मला बरोबरच वाटल्या. मायनं माझ्या तोंडावर हात फिरवला. पहिला शब्द काय बोलली माहीत आहे?

"तुयी नोकरी गेली का वं?"

मी तिचा पदर सारखा केला.

जिप्सीतून टाळी ऐकू आली. मी वळून बघितलं. मिहीर आणि कॅमेरामन एकमेकांना टाळ्या देत होते.

"मिळाला!" मिहीर ओरडला. "ये, ये, बघ इकडे! तू शेवट खराब केलास, पण मिळाला!"

मी गेले. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला आणि शॉट पहिल्यापासून लावला. माय वाकलेली, निळं लुगडं, फुलं. शॉट लांब होता. बराच लांब. मग हळूच मायची पाठ धूसर झाली आणि तिच्या मागचं गवत स्वच्छ झालं. गवतात दोन कान. मग डोळे. मग ते डोकं जमिनीला लागून पुढे सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. माझ्या ओरडण्याला अजून पुष्कळ वेळ होता. पडद्यावरची मी अजून गप्प होते.

फोकस आपोआप सरकत नाही. हे मला वर्गात शिकवलं होतं, त्याच्याच शेजारी बसून मी ते शिकले होते. कॅमेऱ्यावरच्या हातानं तो सरकवावा लागतो. आणि हात तेव्हाच सरकतो, जेव्हा डोळ्याला दिसलेलं असतं.

मी कॅमेरामनला विचारलं, "हे मशीननं केलं का?"

त्याला माझा प्रश्न कळलाच नाही, तो खुशीत होता. "छे, मी ऑटो कधीच वापरत नाही."

आणि आवाज होता शॉटवर. टप, टप, वानर. माझं "थांबव" ऐकू आलं. आणि त्याच्या लगेच नंतर मिहीरची कुजबुज, अगदी स्पष्ट. "होल्ड. हलू नको. येऊ दे."

येऊ दे.

म्हणजे त्यांना दिसत होतं. मी समजत होते शहरातलं पोरगं आहे, त्याला जंगल कळत नाही. त्याला माझ्या आधी कळलं होतं. त्यानं ओठावर बोट ठेवलं तेव्हा त्याच्या पडद्यात माझी माय होती आणि मायच्या मागे वाघ होता, आणि त्यानं मला गप्प राहायला सांगितलं.

"आता एक छोटा बाईट," मिहीर जिप्सीतून खाली उतरत म्हणाला. "तुझ्या आईचाच. वाघ आमचा देव आहे, आम्हाला भीती नाही, एवढंच म्हणायचं. तुमच्या त्या भाषेतच. आत्ता घेऊ, चेहऱ्यावर आहे ते."

मी म्हटलं, "नाही."

"काय?"

"नाही म्हटलं. ती बोलणार नाही. मी तिला बोलायला सांगणार नाही. आणि तू शॉट पुसून टाक."

"प्रोफेशनल रहा जरा."

मी त्याची कॉलर धरली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची कॉलर धरली. ड्रायव्हर खाली उतरला, पण सोडवायला आला नाही, बाजूला उभा राहिला. मी मिहीरला म्हटलं, "तुयी माय उभी कर तिथं. गप्प उभी कर. मग मी होल्ड म्हनतो." हे मी माझ्या भाषेत बोलले. त्याला सगळं कळलं. तो हात झटकून जिप्सीत बसला आणि ते निघून गेले. आम्हाला तिथेच सोडून. आम्ही बाया आवाज देत देत घरी आलो.

नंतरचं लवकर सांगते. वनखात्याच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, "त्यांच्याकडे परवानगी होती. तुमच्या बाया कोणाला विचारून गेल्या?" ठाण्यात गेले. तिथे विचारलं, "कोणी मेलं का?" मी म्हटलं, "नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवला. परत जाताना शिपाई म्हणाला, "बाई, जीव वाचला नं, देवाचे आभार माना." मला त्या माणसाला काय काय बोलावंसं वाटलं. पण मला अजून तिथे जायचं होतं आणि मी पुन्हा पुन्हा जाते.

फिल्म आली. शॉट आहे तिच्यात. कुजबुज काढून बासरी घातली आहे. माझं ओरडणं कापलं आहे. माय वाकलेली, वाघ मागे, आणि कोणी जाडजूड आवाजाचा माणूस सांगतो की या मातीत भय नाही. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मिहीरनं लिंक टाकली. अंगठ्यांची रांग लागली. त्या मोबाईलच्या दुकानातल्यानं अंगठा दिला, पुढाऱ्याच्या व्हॉट्सॲपवाल्यानं दिला. मी सगळं लिहिलं, जसं झालं तसं. मग एकानं लिहिलं, "प्लीज, निगेटिव्हिटी नको." मग मला ग्रुपमधून काढलं. एटापल्लीवाल्यानं तेवढा वेगळा फोन केला. मी सगळं सांगितलं, तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

मी स्वतः फोनवर व्हिडिओ करून टाकला, आमच्या बोलीत, मायला शेजारी बसवून. गावात लोकांनी बघितला, आजूबाजूच्या गावांत बघितला. त्याच्या खाली शिव्या आल्या, माझ्या जातीवरून, माझ्या बोलण्यावरून. एकानं लिहिलं, वाघानं खायला पाहिजे होतं. ते मी मायला वाचून दाखवलं नाही.

यंदा विभागानं प्रवेशाची जाहिरात काढली. चंद्रपूरला बसमधून उतरले तर स्टँडच्या भिंतीवर केवढा मोठा फ्लेक्स. हसणारी माईकवाली पोरगी गेली. तिच्या जागी मिहीरचा फोटो, 'आमचा यशस्वी विद्यार्थी', आणि मागे फ्लेक्सभर त्याच शॉटमधलं चित्र. माझ्या मायची पाठ. लोक तिच्याखाली उभं राहून बसची वाट बघत होते. मी विभागात गेले. ज्या मास्तरांनी मला फोकस शिकवला त्यांना म्हटलं, "सर, ती माझी आई आहे." ते खरंच खुश झाले. म्हणाले, "अरे वा! मग तुझंही योगदान आहे की यात." त्यांना काहीच कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. फ्लेक्स अजून तिथेच आहे.

परवा मला एका पोरीचा फोन आला. आमच्याच विभागातली, आत्ताच पास झालेली. नागभीडकडची. मिहीरच्या फिल्मला बक्षीस मिळालं म्हणून रिसॉर्टवाल्यांना दुसरा भाग पाहिजे. दुसरं गाव निवडलंय, आमच्यापासून जवळच. तिला घेतलंय. लोकल मुलगी. तिनं माझा व्हिडिओ बघितला होता, म्हणून फोन केला. मी तिला सगळं सांगितलं. वानराचं, फोकसचं, "येऊ दे"चं. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, खरं आहे हो तुमचं. पण मला या कामाची फार गरज आहे. घरी सांगून बसले सगळ्यांना." मी तिला रागावले नाही. कसं रागावू? मी फक्त विचारलं, "शूटिंग कधी?" ती आधी सांगेना. मग तिनं सांगितलं.

उद्या सकाळी. त्या गावच्या नाल्याशेजारच्या मोहाखाली. तिथे गेल्या आठवड्यात वाघानं एका गाईला नेलंय, हे सगळ्यांना माहीत आहे, मिहीरलाही माहीत असणार. म्हणूनच ती जागा निवडली असणार.

मायला सांगितलं, मी जाते म्हणून. तिनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "मी बी येतो." शेवंताकाकू येते म्हणाली. वरच्या आळीतल्या दोघी येतो म्हणाल्या, मग आणखी कोणी कोणी. आम्ही उजाडायच्या आत निघू. वाटेत आवाज देत जाऊ.

मिहीर कॅमेरा लावेल. बायांना लांब लांब उभं करेल. हेडफोन कानाला लावेल आणि शांतता मागेल. ती मी त्याला देणार नाही. उद्या नाही, परवा नाही, या जंगलात कधीच नाही. पोलीस बोलावू दे. मी त्या पोरीच्या शेजारी उभी राहीन, आणि एकेका बाईचं नाव विचारून घेऊन, गळा फाटेस्तोवर ओरडत राहीन.